व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा

आजचा भाग एका घरगुती यंत्रापासून सुरू होतो. व्हॅक्यूम क्लीनर. एका टोकाने हवा आत ओढायची, धूळ पिशवीत अडकवायची आणि दुसऱ्या टोकाने हवा जोरात बाहेर फेकायची, एवढंच त्याचं काम. आपलं सगळं लक्ष धुळीकडे असतं. ती बाहेर फेकलेली हवा कोण बघतं? लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये पोल्टन नावाचे एक डॉक्टर होते, त्यांनी बघितली. त्यांनी ती हवा नळीतून एका मास्कमध्ये सोडली आणि मास्क बसवला अशा रुग्णांच्या तोंडावर, जे कोरड्या पलंगावर बसल्याबसल्या बुडत होते. हृदय थकलेलं, फुप्फुसात पाणी भरलेलं. १९३६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हे छापलं. यंत्राला नाव दिलं 'पल्मोनरी प्लस प्रेशर मशीन'. नाव भारी, आत मात्र झाडलोटीची मोटर.

आज हार्ट अटॅकनंतर फुप्फुसात पाणी झालेला माणूस आयसीयूत गेला की त्याला जो 'बायपॅप' किंवा 'सीपॅप' लावतात, त्यामागची कल्पना तीच आहे. पण पोल्टन आणि आजचं आयसीयू यांच्यामध्ये सरळ रस्ता नाहीये. मध्ये जवळपास पन्नास वर्षं ही कल्पना बाजूला पडून होती. आणि तिला बाजूला सारणारे लोक मूर्ख नव्हते, आळशीही नव्हते. त्यांच्यातल्या दोघांना तर पुढे नोबेल मिळालं. म्हणून मला ही गोष्ट आवडते.

आधी, पाणी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे 'छातीत पाणी झालं' असं सर्रास म्हणतात आणि बहुतेकदा ते फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणातलं पाणी असतं. ते सुई घालून काढता येतं. आज आपण बोलतोय ते पाणी वेगळं. ते फुप्फुसाच्या आत, वायुकोशांत असतं. सुई घालून काढायला ते एका जागी साठलेलंच नसतं. कोट्यवधी बारीक फुग्यांमध्ये ते थोडं थोडं झिरपलेलं असतं.

येतं कुठून? हृदयाची डावी बाजू फुप्फुसातून आलेलं रक्त घेते आणि शरीरभर ढकलते. अटॅकमध्ये डाव्या बाजूच्या स्नायूचा एखादा भाग रक्ताविना मरतो, ढकलायची ताकद कमी होते. पण उजवी बाजू ठणठणीत, ती फुप्फुसात रक्त पाठवतच राहते. दादर स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला लोक चढतायत, दुसऱ्या टोकाला उतरायची वाट अर्धी बंद. मधला पूल तुंबणारच. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांमध्ये असाच दाब चढतो. एरवी तो पाऱ्याच्या साधारण ६ ते १२ मिलिमीटर असतो. २५ च्या वर गेला की रक्तातला पातळ भाग भिंतीतून झिरपून वायुकोशांत उतरायला लागतो. केशवाहिनीच्या भिंतीतून पाणी का आणि कधी बाहेर येतं, याचं गणित अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं. म्हणजे रोग कळला होता. उपाय नव्हता.

असा माणूस आडवा झोपू शकत नाही. उठून बसतो, दोन्ही हात टेकवतो, घामाने भिजतो. खोकल्यातून फेस येतो, कधी कधी गुलाबी. जुने डॉक्टर याला 'कार्डियाक अस्थमा' म्हणायचे, कारण छातीत दम्यासारखीच शिट्टी वाजते.

पोल्टन यांच्या काळात डॉक्टरच्या हातात काय होतं? मॉर्फिन, जेणेकरून घाबरणं तरी कमी होईल. ऑक्सिजन, असला तर. शिरेतून रक्त काढणं. आणि एक प्रकार, जो मला पहिल्यांदा वाचताना खोटाच वाटला होता: चारपैकी तीन हातापायांना पट्टे आवळून बांधायचे म्हणजे रक्त तिथेच अडकून राहील, हृदयाकडे कमी परतेल. मग दर काही मिनिटांनी एक पट्टा सोडायचा आणि चौथ्या अवयवाला बांधायचा, असं आळीपाळीने. हा उद्योग पुढे कित्येक दशकं चालला. हसू नका, त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. हृदयाकडे परतणारं रक्त कमी करा, हाच तो विचार. तो लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता पोल्टन यांची युक्ती. ग्लासात साधारण १० सेंटिमीटर पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ तळापर्यंत बुडवा आणि फुंकर मारून बुडबुडे काढा. जेवढा जोर लागला, तो झाला १० सेंटिमीटर पाण्याचा दाब. फार नाही, फुगा फुगवायला यापेक्षा जास्त लागतो. एवढाच दाब मास्कमधून सतत ठेवला, श्वास घेतानाही आणि सोडतानाही, तर वायुकोश श्वास सोडल्यावर मिटून चिकटत नाहीत. उघडे राहतात. पाणी कडेला सरकतं, हवेला जागा मिळते, बरगड्यांच्या स्नायूंचे कष्ट कमी होतात.

एक गंमत सांगते. या निबंधाचा संदर्भ देताना कितीतरी नंतरच्या लेखांमध्ये दोन लेखक छापलेले दिसतात: 'पोल्टन ई. पी.' आणि 'ऑक्सन डी. एम.' हे दुसरे गृहस्थ कोण? कोणीच नाहीत. 'डी. एम. ऑक्सन' म्हणजे ऑक्सफर्डची डॉक्टर ऑफ मेडिसिन ही पोल्टन यांचीच पदवी. संदर्भ एकाने दुसऱ्याचा बघून उतरवला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि पदवीचा माणूस झाला. मूळ निबंध उघडून बघणारे किती कमी होते, याचा याहून चांगला पुरावा मला तरी सुचत नाही.

तिकडे अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ऑल्व्हन बराच नावाचे डॉक्टर ऑक्सिजनवर काम करत होते. (आडनावच 'बराच' आहे, मी काही करू शकत नाही.) १९३८ मध्ये बराच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसातल्या पाण्यासाठी दाबाच्या हवेवर लांबलचक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं दोन भागांत होतं. दाबाची हवा केशवाहिन्यांवर बाहेरून प्रतिदाब देते, आणि छातीत परत येणारं रक्त थोडं थोपवते. पट्टे बांधून जे करायचे तेच, पण पट्ट्यांशिवाय. आणि दाब काढला की परिणामही लगेच जातो, म्हणजे उपाय हातात राहतो.

मग युद्ध आलं. दाबाच्या हवेचा उपयोग विमानात झाला, कारण फार उंचीवर नुसता ऑक्सिजन पुरत नाही, वैमानिकाला तो दाबाने द्यावा लागतो. साहजिकच प्रश्न पडला की या दाबाने हृदयाचं काय होतं? आणि इथे गोष्ट वळते.

न्यूयॉर्कच्याच बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स काम करत होते. हाताच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात सरकवून ते जिवंत माणसाच्या हृदयातला दाब आणि रक्ताचा प्रवाह मोजायचे. ही वाट व्हर्नर फोर्समान या जर्मन तरुण डॉक्टरने १९२९ मध्ये दाखवली होती, स्वतःच्या हातात नळी घालून, आणि मग एक्स-रे काढायला जिने उतरून चालत जाऊन. त्याच्यावर एक अख्खा भाग करायचाय, पण आज नको. तर १९४८ मध्ये कूर्नां आणि सहकाऱ्यांनी आकडे छापले: मास्कमधून दाबाची हवा दिली, आणि विशेषतः श्वास सोडतानाही दाब उतरू दिला नाही, तर हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं ते कमी होतं.

हे वाचून त्या काळच्या डॉक्टरला काय वाटलं असेल? समोर आधीच थकलेलं हृदय आहे, आणि मी त्याचं काम आणखी कमी करू? बरं, सांगणारे कोण? माणसाचं हृदय आतून मोजणारे. १९५६ चं नोबेल कूर्नां, रिचर्ड्स आणि फोर्समान यांना मिळालं. पोल्टन यांच्याकडे काय होतं? रुग्णाला बरं वाटलं, असं निरीक्षण. व्हॅक्यूम क्लीनर विरुद्ध कॅथेटर. कोण जिंकणार, सांगायला नको.

पण आकडे बरोबर होते आणि तरीही त्यातून काढलेला अर्थ थकलेल्या हृदयाला लागू नव्हता. मोजमाप झालं होतं ज्यांचं हृदय चांगलं आहे अशा माणसांवर. निरोगी हृदय जेवढं भरतं तेवढं फेकतं. भरणं कमी केलं की फेकणं कमी होणारच. अटॅकनंतरचं डावं हृदय मात्र आधीच तट्ट भरलेलं असतं. त्याला थोडं कमी भरलं तर ते बिघडत नाही, उलट सुटतं. शिवाय दम लागलेला माणूस जेव्हा जिवाच्या आकांताने हवा ओढतो, तेव्हा छातीच्या आत निर्वात तयार होतो. त्या निर्वाताच्या ओढीविरुद्ध हृदयाला रक्त बाहेर ढकलावं लागतं. मास्कमधला दाब ती ओढ कमी करतो, म्हणजे हृदयावरचं ओझंही कमी. तीच हवा, तोच दाब, पण निरोगी माणसात तोटा आणि आजारी माणसात फायदा. कूर्नां चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांचा आकडा ज्या माणसांचा होता, ती माणसं वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटली, असं म्हणेन.

त्यानंतर उपाय अगदीच मेला नाही, इकडेतिकडे कोणी कोणी वापरत राहिलं. पण मुख्य रस्ता दुसरीकडे गेला. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा, असा मार्ग काढला. शेकडो विद्यार्थी आळीपाळीने दिवसरात्र पिशव्या दाबत बसले. आजचं आयसीयू तिथून जन्मलं. आणि त्याबरोबर एक समजही रुजला: दाबाने श्वास द्यायचा तर नळी घालूनच.

दरम्यान अटॅकवाल्यांसाठी १९६०च्या दशकात वेगळे कोरोनरी केअर युनिट निघाले. फ्युरोसेमाइड आलं, लघवीवाटे पाणी काढणारं, तेच ज्याला आपल्याकडे सगळे 'लॅसिक्स' म्हणतात. तरीही किती जण जात होते? न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल या डॉक्टरांनी १९६७ मध्ये अटॅकच्या २५० रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांच्या फुप्फुसात पाण्याची चिन्हंच नव्हती, त्यांच्यातले ६ टक्के गेले. ज्यांना पूर्ण पल्मोनरी इडिमा झाला, त्यांच्यातले ३८ टक्के. तेही खास युनिटमध्ये, नर्स आणि मॉनिटर शेजारी असताना.

ज्या दाराने कल्पना परत आली ते हृदयाचं नव्हतंच. आधी आली बाळांकडून. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सतत दाबाची हवा दिली, ज्यांना आपण 'काचेत ठेवलंय' म्हणतो तशा बाळांना. २० पैकी १६ जगली. मग आली घोरण्यातून. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या लोकांच्या नाकाला मास्क लावून दाबाची हवा सोडली, १९८१ मध्ये ते छापलं. आणि हवा कशातून काढली माहितीये? व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरमधून! पंचेचाळीस वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तीच मोटर उलटी.

आता हृदयवाल्यांना धीर आला. १९८५ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी हृदयविकाराने फुप्फुसात पाणी झालेल्या ४० जणांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाला साधा मास्क, दुसऱ्याला १० सेंटिमीटर दाबाचा. दाबवाले लवकर सुधारले. मग १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या अँड्र्यू बर्स्टेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ३९ रुग्ण. नुसता ऑक्सिजन मिळालेल्या २० पैकी ७ जणांना शेवटी नळी घालावी लागली. सीपॅप मिळालेल्या १९ पैकी एकालाही नाही. शून्य.

हा शून्य म्हणजे काय, ते आकड्याबाहेर येऊन सांगते. माझ्या मामांना दोन वर्षांपूर्वी अटॅक आला आणि त्याच रात्री फुप्फुसात पाणी भरलं. त्यांना मास्क लावला तर ते ओढून काढत होते. आधीच जीव गुदमरतोय, त्यात कोणी तोंडावर घट्ट झाकण बसवून जोराची हवा मारतंय, कोणाला सहन होईल? लोकलच्या दारात वाऱ्याकडे तोंड करून श्वास सोडून बघा, थोडी कल्पना येईल. तिथल्या सिस्टरने पट्टे बांधलेच नाहीत आधी. हाताने मास्क धरला, दाब कमीवर ठेवला आणि म्हणाली, "काका, मी धरते, तुम्ही फक्त माझ्याबरोबर श्वास घ्या." दहा मिनिटांनी पट्टे बांधले. अर्ध्या तासाने मामांनी हाताने खूण करून विचारलं की मामीने जेवण केलं का. नळी घातली असती तर झोपेचं औषध द्यावं लागलं असतं, हात बांधावे लागले असते, न्यूमोनियाची भीती वेगळीच. मास्कवरचा माणूस शुद्धीवर असतो. मान हलवतो, बायकोची चौकशी करतो.

पण इतिहास इथे सुखाने संपत नाही. १९९७ मध्ये एक मोठा धक्का बसला. सीपॅपमध्ये दाब एकच असतो. बायपॅपमध्ये दोन असतात, श्वास घेताना जास्त, सोडताना कमी, त्यामुळे दम आणखी हलका होतो. मेहता आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत या दोघांची तुलना सुरू केली, आणि २७ रुग्णांवर अभ्यास थांबवावा लागला. कारण बायपॅप गटात ७१ टक्के लोकांना हार्ट अटॅक झाल्याचं दिसलं, सीपॅप गटात ३१ टक्के. विचार करा, अटॅकच्या रुग्णाला वाचवायला लावलेला मास्कच अटॅक घडवतो की काय? कूर्नां यांची जुनी भीती नव्या आकड्यांत परत आली.

नंतर बारकाईने बघितल्यावर लक्षात आलं की बायपॅप गटात छातीत दुखत असलेले लोक सुरुवातीलाच जास्त होते. म्हणजे काहींचा अटॅक मास्कच्या आधीच चालू असावा. पण २७ जणांच्या अभ्यासातून हे ठरवणार कसं? पुढच्याच वर्षी जपानमधून एक छोटा अभ्यास आला, २२ रुग्णांचा, आणि तो खास अटॅकनंतरच्या पाण्यावरच होता. त्यात सीपॅपवाल्यांना नळी कमी लागली आणि मृत्यूही कमी झाले. धीर देणारा, पण तोही छोटाच.

मग ब्रिटनने मोठं काम केलं. २६ इमर्जन्सी विभाग, १०६९ रुग्ण, २००८ साली निकाल. साधा ऑक्सिजन, सीपॅप आणि बायपॅप. मास्कवाल्यांचा दम लवकर उतरला, रक्तातलं आम्ल लवकर कमी झालं, नाडी शांत झाली. पण सात दिवसांतले मृत्यू? ऑक्सिजनवर ९.८ टक्के, मास्कवर ९.५. म्हणजे सारखेच. बर्स्टेन यांच्या शून्यानंतर हे वाचून बऱ्याच डॉक्टरांचा विरस झाला. एक गोष्ट मात्र विसरू नये. ऑक्सिजन गटात ज्यांची तब्येत बिघडली, त्यातल्या काहींना नंतर मास्क लावलाच गेला. समोर माणूस गुदमरतोय आणि कोपऱ्यात यंत्र आहे, तर कोणता डॉक्टर अभ्यासासाठी हात बांधून उभा राहील?

२०१९ मध्ये कॉक्रेनने अशा २४ अभ्यासांतल्या २६६४ रुग्णांचे निकाल एकत्र केले. मास्कमुळे नळी घालायची वेळ साधारण निम्म्यावर आली, हॉस्पिटलमधले मृत्यू घटले, आणि नवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. १९९७ ची भीती तिथे मिटली. माझं मत विचाराल तर जीव वाचण्याबाबतचा फायदा किती मोठा यावर वाद घालायला जागा आहे, नळी टळण्याबाबत नाही.

आज युरोपच्या हृदयतज्ज्ञांची मार्गदर्शक सूत्रं सांगतात: श्वास मिनिटाला २५ च्या वर आणि ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल, तर मास्कचा विचार करा आणि लवकर करा. सगळ्यांना मात्र नाही. माणूस शुद्धीवर नसेल, उलट्या होत असतील, तर नळीच लागते. रक्तदाब फारच पडलेला असेल तर कूर्नां यांचा आकडा अजूनही खरा आहे, तिथे दाबाची हवा जपून. आणि मास्क काही हृदयाची बंद झालेली नळी उघडत नाही. ते काम अँजिओप्लास्टीचं. मास्क तिथपर्यंत पोहोचायला वेळ देतो. म्हणून छातीत दुखतंय, दम लागतोय, आडवं होता येत नाहीये, असं घरात कोणाला झालं तर मास्क-बिस्कचा विचार तुम्ही करू नका. बसतं ठेवा, १०८ लावा.

आणि आयसीयूबाहेर बसायची वेळ आलीच, तर आतून कोणीतरी घाईत येऊन 'व्हेंटिलेटर लावलाय' म्हणतं आणि बाहेर रडारड सुरू होते. तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: मास्कवर आहेत की नळीवर? दोन्हीला लोक व्हेंटिलेटरच म्हणतात, पण मास्कवर असतील तर डॉक्टरांना विचारून आत जा आणि बोला त्यांच्याशी. त्यांना ऐकू येतंय.